सागरप्रवासात मोटारगाडीच्या बॅटरीचे रक्षण

मुंबई, चेन्नई, मुंद्रा किंवा पिपावाव या बंदरांच्या आवारात परदेशी जाणाऱ्या शेकडो मोटारगाड्या ओळीने उभ्या असलेल्या दिसतात. त्या कोऱ्या असतात. कारखाना सोडल्यापासून त्यांपैकी पुष्कळशा स्वतःच्या चाकांवर फारशा धावलेल्याही नसतात. तथापि त्या तशा निश्चल उभ्या असतानाच त्यांचा एक घटक हळूहळू क्षीण होत असतो. हा घटक म्हणजे विद्युत् घटमाला होय. व्यवहारात तिला सर्वजण बॅटरी म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या जहाजात माल यारीने चढवीत नाहीत. जहाजाचा एक मोठा उतरता दरवाजा धक्क्यावर टेकवितात आणि चालक एकेक गाडी चालवीत आत नेऊन उभी करतात. उतरवितानाही हाच प्रकार असतो. गाड्यांमधील अंतर इतके थोडे ठेवलेले असते, की मधून माणूस जेमतेम जाऊ शकतो. अशा दाटीत एखादी गाडी सुरू झाली नाही, तर तिच्यामागील सर्व रांग अडते. बंदरातील जहाजाचा प्रत्येक तास पैशांत मोजला जात असल्याने हा खोळंबा महाग पडतो. ज्या गाड्यांचा हातरोधक आणि गिअर विजेवर चालतो, त्यांची अडचण आणखी मोठी असते. बॅटरी रिकामी झाल्यास त्यांची चाके मोकळी होत नाहीत आणि त्या ढकलताही येत नाहीत.

बॅटरी रिकामी होते म्हणजे काय होते

गाडीतील नेहमीची बॅटरी शिसे व अम्ल यांची असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने १८५९ साली तिचा शोध लावला. तेव्हापासून तिच्या रचनेत अनेक सुधारणा झाल्या, पण तिचे मूलभूत रसायन तेच राहिले. तिच्यात सहा घट असतात. प्रत्येक घटात शुद्ध शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या विरल गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते. अम्लातील गंधकाम्ल खर्ची पडते व पाणी वाढते. बॅटरी भारित केली असता हीच क्रिया उलट घडते.

पूर्ण भारलेली बॅटरी काही तास विश्रांत ठेवून मोजली, तर तिचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट भरतो. तो १२.४ व्होल्टवर आला म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश साठा उरला, १२.२ वर आला म्हणजे निम्मा उरला, आणि १२ व्होल्टच्या खाली गेला म्हणजे बॅटरी रिकामी होण्याच्या बेतात आली, असे स्थूलमानाने समजतात. मोजमापातील अर्ध्या व्होल्टचा फरक नवख्याला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो फरक भरलेल्या आणि अर्ध्याहून अधिक आटलेल्या बॅटरीमधील असतो.

रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरता येते, मग काळजी कसली, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर सल्फेटाच्या स्वभावात आहे. नुकतेच साचलेले सल्फेट बारीक कणांचे असते आणि भारणाच्या वेळी ते सहज विरघळते. तेच काही आठवडे तसेच राहू दिले तर लहान कण नाहीसे होऊन मोठे, कठीण स्फटिक बनतात. ते विजेचे दुर्वाहक असतात व पट्टीची छिद्रे बुजवितात. अशा बॅटरीला कितीही वेळ चार्जर लावला तरी तिची गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही. म्हणून बॅटरी किती रिकामी झाली यापेक्षा ती त्या अवस्थेत किती दिवस पडून राहिली, हे अधिक महत्त्वाचे ठरते. रस्त्यावरील गाडी संध्याकाळी उतरली तर सकाळी भरता येते. जहाजावरील गाडी प्रवासाच्या दहाव्या दिवशी उतरली तर उरलेला सारा प्रवास ती त्याच अवस्थेत काढते.

थंड देशांत जाणाऱ्या गाड्यांना आणखी एक धोका असतो. भारित बॅटरीतील अम्ल शून्याखाली पन्नास अंशांपर्यंतही गोठत नाही. रिकाम्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरते. ते शून्याखाली आठ-दहा अंशांवरच गोठू शकते आणि मग पट्ट्या वाकतात, डबा तडकतो.

थांबलेल्या गाडीला वीज कशाला लागते

पूर्वीच्या अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत चावी फिरवून काढली की विजेचा वापर जवळजवळ संपत असे. बॅटरीवर मुख्य भार गाडी सुरू करणाऱ्या स्टार्टरचा असे. असा विद्युत् स्टार्टर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विकसित केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम नित्याचा भाग बनला. आजच्या गाडीची स्थिती निराळी आहे. तिच्यात लहानमोठे अनेक संगणक असतात आणि गाडी बंद केल्यावरही त्यांतील काही जागे राहतात. कुलपाचा ग्राहक चावीच्या संदेशाची वाट पाहत असतो, चोरीची सूचना देणारी यंत्रणा पहारा करीत असते, घड्याळ चालू असते, दूरसंपर्काचे यंत्र मधूनमधून भ्रमणध्वनीच्या जाळ्याशी संपर्क साधीत असते.

या सर्वांना मिळून लागणारा प्रवाह बहुधा २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आकडा फार लहान आहे. परंतु तो अहोरात्र वाहतो, आणि सारा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो. उदाहरणार्थ, ४५ अँपिअर-तास क्षमतेची एक बॅटरी आणि ३० मिलिअँपिअरचा प्रवाह घेऊ. एका दिवसात ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात. कारखान्यातून निघाल्यापासून परदेशी विक्रेत्याच्या हाती पडेपर्यंत ४५ दिवस लागले, तर ३२.४ अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचा ७२ टक्के भाग संपतो. प्रवाह ५० मिलिअँपिअर असेल तर अडतिसाव्या दिवशी काहीच उरत नाही.

याच्या तुलनेत, तारा सोडवून वेगळी ठेवलेली बॅटरीही आपोआप थोडी रिकामी होतच असते. आधुनिक कॅल्शियम-मिश्रित शिशाच्या बॅटरीत २५ अंश सेल्सियस तापमानाला हा ऱ्हास महिन्याला ३ ते ५ टक्के असतो. तापमान १० अंशांनी वाढले की तो साधारणपणे दुप्पट होतो. जहाजाच्या बंद मजल्यावर ३५ अंश तापमान धरले, तर ४५ दिवसांत फार तर १५ टक्के, म्हणजे ७ अँपिअर-तासांहून कमी साठा जातो. एकीकडे ३२ आणि दुसरीकडे ७. गाडी पडून राहिल्यामुळे बॅटरी मरते ही समजूत सर्वत्र आढळते. पण हिशेब असे सांगतो, की पडून राहण्याने तिचे थोडेच बिघडते. तिला खरी मारक असते ती थांबलेल्या गाडीची अल्प पण अखंड मागणी.

समुद्रावर ही मागणी वाढण्याची काही खास कारणे आहेत. गाडी कोणी उचलून नेत असल्यास कलण्यावरून ते ओळखणारा संवेदक पुष्कळ गाड्यांत असतो. जहाज लाटांवर डोलू लागले की तो वारंवार चाळवतो आणि निर्जन मजल्यावर भोंगा वाजू लागतो. किनारा दूर गेल्यावर दूरसंपर्काच्या यंत्राला जाळे सापडत नाही आणि ते अधिक शक्ती खर्चून शोध घेत राहते. चावी बहुधा गाडीतच ठेवलेली असते. ती बिनकुलपाच्या पद्धतीची असेल, तर गाडी आणि चावी यांचे एकमेकींना साद घालणे चालूच राहते.

चढविण्या-उतरविण्याच्या वेळचा खर्चही समजून घेण्यासारखा आहे. स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह घेतो हे ऐकून पुष्कळांना वाटते, की वरचेवर गाडी सुरू केल्याने बॅटरी उतरते. परंतु तो प्रवाह दोन सेकंदच वाहतो आणि त्याचा हिशेब जेमतेम ०.११ अँपिअर-तास भरतो. उलट, तपासनीसाने दार उघडे ठेवून दहा मिनिटे कागद भरले, तर दिवे, पडदे आणि जागे झालेले संगणक मिळून ६ अँपिअर सहज घेतात, म्हणजे १ अँपिअर-तास जातो. नऊ वेळा स्टार्टर फिरविण्याचा हा खर्च होय. गाडी धक्क्यावर शंभर मीटर चालविल्याने तो भरून येत नाही.

दिवसांचा हिशेबही नेहमी खरा ठरत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात लाल समुद्रात ज्या ‘गॅलक्सी लीडर’ जहाजाचे अपहरण झाले, ते मोटारगाड्या वाहून नेणारेच जहाज होते आणि भारतातील पिपावाव बंदराकडे येत होते. त्यानंतर अनेक जहाजांनी सुएझचा मार्ग सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला आणि आशिया-युरोप प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. तीस दिवसांच्या अंदाजाने पाठविलेल्या बॅटरीला हे जादा दिवस पेलतीलच असे नाही. पुण्याजवळील चाकण येथे तयार होऊन मुंबई बंदरातून मेक्सिकोपर्यंत गेलेल्या गाड्यांचा प्रवास तर मुळातच दीर्घ.

तार सोडविणे आणि सोडविलेली तार

यावरून उपाय उघड आहे. प्रथम बॅटरी पूर्ण भारित करावी आणि काही तासांनंतर दाब मोजून १२.६ व्होल्टची खात्री करून घ्यावी. नंतर तिच्यावरील मागणी तोडावी. नव्या गाड्यांसाठी बरेच उत्पादक ‘वाहतूक-स्थिती’ ठेवतात. तिच्यात बहुतेक संगणक गाढ झोपी जातात. काही उत्पादक ठरावीक फ्यूज काढून ठेवतात व गाडी विक्रेत्याकडे पोहोचल्यावर तो बसवितात. गाडी वरचेवर हलवावी लागत असल्याने ही व्यवस्था सोयीची आहे. बदली झाल्यामुळे एखाद्या कुटुंबाची गाडी पेटाऱ्यात, म्हणजे कंटेनरमध्ये बंद होऊन जात असेल, तर मधे तिला कोणी हात लावणार नसतो. तेथे सरळ तार सोडविणे सर्वांत चांगले.

तार सोडविताना प्रथम ऋण टर्मिनलची सोडवावी. गाडीचा सर्व सांगाडा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो. धन टर्मिनलवर पाना लावलेला असताना त्याचे दुसरे टोक सांगाड्याला टेकले, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून पाना लाल होतो. ऋण तार आधी सुटलेली असली की हा मार्गच बंद होतो. जोडताना क्रम उलटा ठेवतात, म्हणजे ऋण तार शेवटी.

एवढ्याने काम संपले असे मानणे घातक आहे. सुटलेल्या तारेचे काय केले, हा प्रश्न तार सोडविण्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्याची साक्ष अमेरिकेतील एका दुर्घटनेने दिली. ४ जून २०२० रोजी फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल बंदरात ‘हॉएग शियामेन’ हे जहाज २,४२० वापरलेल्या गाड्या भरून निघण्याच्या तयारीत होते. त्याच दिवशी दुपारी मालाच्या मजल्यावर धूर दिसला. आग आठवड्याहून अधिक काळ जळत राहिली. जहाजात झालेल्या स्फोटात नऊ अग्निशामक जवान जखमी झाले. जहाज आणि माल मिळून सुमारे ४ कोटी डॉलरांचे नुकसान झाले आणि जहाज मोडीत काढावे लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीत आगीचे संभाव्य कारण निष्पन्न झाले, ते असे : आठव्या मजल्यावरील एका जुन्या गाडीची बॅटरी योग्य रीतीने सोडविलेली नव्हती आणि तिच्यात विद्युत् दोष उद्भवला. तारा सोडवून सुरक्षित करण्याची पद्धत लिखित स्वरूपात अस्तित्वात होती. पण अनेक गाड्यांच्या बाबतीत ती पाळली गेली नव्हती, आणि ती पाळली जात आहे की नाही हे पाहणाऱ्यांच्या लक्षातही ते आले नव्हते.

सैल तार आग कशी लावते हे समजणे कठीण नाही. नुसती उचलून बाजूला ठेवलेली तार जहाजाच्या कंपनांमुळे पुन्हा टर्मिनलवर येऊन टेकते, सुटते, पुन्हा टेकते. गाडीतील संगणकांमध्ये विद्युत् धारित्रे असतात. तार टेकताच ती भारित होऊ लागतात व ठिणगी उडते. संपर्क अर्धवट राहिला तर त्या जागी रोध वाढून उष्णता साचते. जुन्या गाडीतून इंधनाची वाफ गळत असेल, तर पुढचे सांगावयास नको. म्हणून सोडविलेले टोक रबराच्या टोपीने किंवा विद्युत्-रोधक पट्टीने गुंडाळून, टर्मिनलपर्यंत पोहोचणार नाही अशा जागी बांधावे. धन टर्मिनलवर झाकण असावे. बॅटरी तिच्या शिकंजात घट्ट बसली आहे की नाही हे हाताने हलवून पाहावे. लाटांच्या हिंदोळ्यात निसटलेली बॅटरी बॉनेटच्या पत्र्याला भिडू शकते. हे काम दोन मिनिटांचे आहे. मात्र ज्याला रांगेतील पाचशे गाड्यांवर ते करावयाचे असते, त्याच्या ठिकाणी ते उरकण्याची वृत्ती निर्माण होते, आणि म्हणूनच दुसऱ्याने तपासणे अगत्याचे ठरते.

इलेक्ट्रॉनिक भागांची जपणूक

सागरी हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि आर्द्रता भरपूर असते. पेटारा दिवसा उन्हात तापतो व रात्री निवतो. तेव्हा आतील हवेतील बाष्प छताच्या पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमून खाली ठिबकते. जोडणीच्या ठिकाणी शिरलेला असा खारट ओलावा स्वतः विजेचा वाहक असतो. दोन टोकांमध्ये दाब असेल तर तांबे झपाट्याने झिजून हिरवट क्षार बनतात. दाब नसेल तर हीच क्रिया फार मंद होते. तेव्हा बॅटरीची तार सोडविल्याने बॅटरीबरोबर इलेक्ट्रॉनिक जोडण्याही वाचतात. हा लाभ सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पेटाऱ्यात सिलिका जेलसारखा ओलावा शोषणारा पदार्थ टांगावा आणि टर्मिनले स्वच्छ करून त्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

इंजिन चालू असताना तार कधीही सोडवू नये. जनित्र चालते की नाही हे पाहण्यासाठी असे करण्याची जुनी रीत काही कार्यशाळांत अद्याप आढळते. साध्या गाडीत ती एके काळी खपून गेली. चालू जनित्रावरचा बॅटरीचा भार एकाएकी निघाला, की संरक्षक योजना नसल्यास दाब क्षणभर ऐंशी ते शंभर व्होल्टपर्यंत उसळतो आणि बारा व्होल्टसाठी बनविलेले संगणक निकामी होऊ शकतात. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटे थांबावे, म्हणजे संगणक आपली नोंद पुरी करून झोपी जातात. रेडिओला संकेतांक लागत असल्यास तो आधी लिहून ठेवावा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडत असेल, तर यांत्रिक किल्ली बाहेर ठेवण्यास विसरू नये. अन्यथा बॅटरीपर्यंत पोहोचण्यासाठी बॅटरी लागते, असा हास्यास्पद पेच उभा राहतो.

विद्युत् मोटारगाडीला हा विषय लागू नाही असे काहींना वाटते. तिच्या तळाशी लिथियमची प्रचंड बॅटरी असते आणि तिचा स्वतःचा ऱ्हास अगदी थोडा असतो. ही बॅटरी पूर्ण न भरता साधारण ३० ते ५० टक्के भरून पाठविणे श्रेयस्कर. त्यायोगे तिचे आयुष्य टिकते व अपघात घडलाच तर मुक्त होणारी ऊर्जा कमी राहते. लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांसाठी धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संहितेत स्वतंत्र वर्गक्रमांक देण्यात आला असून तो १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाला आहे. तथापि या मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतात. ती छोटी बॅटरी संपली, की शेकडो किलोमीटर धावण्याइतकी वीज पोटात असूनही गाडी निपचित पडते.

मुक्कामी पोहोचल्यावर

गाडी उतरल्यावर घाईने स्टार्टर फिरवू नये. प्रथम दाब मोजावा. तो १२.४ व्होल्टच्या वर असेल तर टर्मिनले पुसून आधी धन व शेवटी ऋण तार जोडावी. जोडल्यावर पहिल्या काही मिनिटांत खिडक्यांच्या काचा आपली हद्द विसरल्याचे, सुकाणूच्या कोनाचा इशारा-दिवा लागल्याचे किंवा इंजिन संथगतीत थोडे अडखळत असल्याचे आढळेल. हा बिघाड नव्हे. काचा पूर्ण वरखाली केल्या, सुकाणू दोन्ही बाजूंना फिरविले व गाडी थोडे अंतर चालविली, की बहुतेक यंत्रणा आपापली मापे पुन्हा शिकतात.

दाब १२ व्होल्टच्या खाली गेला असेल, तर दुसऱ्या गाडीवरून तारा जोडून ती सुरू करण्याचा मोह होतो. येथे दोन गोष्टींचे भान हवे. तारा उलट जोडल्या गेल्या तर एका क्षणात महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळते. शिवाय भारणाच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे हवेशीर जागी क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला सुमारे ४.५ अँपिअरने, सावकाश भारित करणे. भारण पुरे झाल्यावर ती रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी पुन्हा दाब मोजावा. तो १२.६ च्या जवळ टिकला तर सल्फेट अजून कठीण झालेले नाही. १२.४ च्या खाली उतरला तर ग्राहकाला गाडी देण्यापूर्वी बॅटरी बदलावी आणि जुनी शिसे परत मिळविणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवावी.